मूठभर इतिहास

आमच्या विदर्भात 'कॉन्व्हेंट' या शब्दाला जेवढा मान आहे तेवढा खुद्द रोममध्येही नसेल. बाकीच्या महाराष्ट्रात मूल तीन वर्षांचं झालं की बालवाडीत जातं, शिशुवर्गात जातं. आमच्याकडे पोट्टं थेट 'कॉन्व्हेंट'ला जातं. मग ते कॉन्व्हेंट मारुतीच्या नावाचं असो, एखाद्या संताच्या नावाचं असो, नाहीतर वॉर्डातल्या नगरसेवकाच्या स्वर्गवासी मातोश्रींच्या नावाचं असो. तिथं केजी वन आणि केजी टू अशा दोन इयत्ता असतात, भिंतीवर मिकी माऊस असतो आणि दर गुरुवारी आरती होते. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात धर्मभगिनींचा मठ, असं मी एकदा बँकेतल्या शिपायाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काहीही काऊन सांगता साहेब? माझं पोट्टं दोन वर्षांपासून जाऊन राह्यलं तिथं. मठ असता तं एवढी फी घेतली असती का?"

मी मात्र अस्सल कॉन्व्हेंटात शिकलो. केरळातून आलेल्या सिस्टर, फाटकापाशी घंटा, भिंतीवर येशूचं चित्र, आणि डबा उघडण्याआधी डोळे मिटून म्हणायची प्रार्थना. (ती चालू असताना शेजाऱ्याच्या डब्यात काय आहे ते एका डोळ्यानं बघायची कला मी पहिलीतच आत्मसात केली होती.) चंद्रपुरातल्या त्याच शाळेत आता माझा मुलगा तिसरीत आहे. गेल्या वर्षी मुख्याध्यापिका सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. मुलानं काय फोडलं असेल याचा अंदाज करत, खिशात पाचशेची नोट ठेवून गेलो. पण सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही आपले जुने विद्यार्थी. बँकेत आहात. स्वच्छ लिहीत असाल. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास पाहिजे. ओण्ली दोन पानं. शुक्रवारपर्यंत."

मी बी.कॉम. आहे. इतिहासाशी माझा शेवटचा संबंध दहावीत आला आणि तो दोघांनाही सुखाचा झाला नाही. पण ज्या सिस्टरांपुढे आपण एकेकाळी पाढे म्हटले त्यांच्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या सिस्टरांनाही नाही म्हणता येत नाही. शरीर आपोआप उठून उभं राहतं आणि तोंडातून "येस सिस्टर" असं निघून जातं.

आता इतिहास सुरू कुठून करायचा? आमच्या गावात कशाचाही इतिहास गोंडराजांपासून सुरू करायची रीत आहे, पानठेल्याचासुद्धा. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे असलेला परकोट, त्याच्या आत गाव. एवढं लिहिलं की अर्धं पान भरतं आणि वाचकही माना डोलावतात. मीही ते लिहिलं. मग खोडलं, कारण माझी शाळा परकोटाच्या बाहेर आहे. माग काढत गेलो तो थेट केरळात, १८६४ सालात. आणि काय सांगू, तिथं मला एक परिपत्रक भेटलं! परमुलखात अचानक आपल्या गावचा माणूस भेटावा तसा मला आनंद झाला. बँकेतल्या माणसाचं अर्धं आयुष्य परिपत्रकं वाचण्यात जातं आणि उरलेलं अर्धं ती सापडत नाहीत म्हणून शोधण्यात.

कुरियाकोस एलियास चावरा नावाचे एक फादर होते. जन्म १८०५चा, मृत्यू १८७१चा. १८३१ साली मन्नानमच्या टेकडीवर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मठाची पायाभरणी केली. त्यातून पुढे 'सीएमआय' हा संघ झाला. १८४६ साली तिथंच त्यांनी संस्कृत शाळा काढली, छापखाना काढला. १८६६ साली धर्मभगिनींचाही संघ सुरू केला. आणि १८६४ साली, सीरियन कॅथलिकांचे व्हिकार जनरल असताना, सगळ्या चर्चना एक परिपत्रक धाडलं. त्याचा मथितार्थ एका ओळीचा: चर्च असेल तिथं शाळा पाहिजे. बस. आमच्या परिपत्रकात आधीच्या सात परिपत्रकांचा संदर्भ असतो, आणि आठवं येऊन त्या सगळ्यांवर पाणी ओततं. या परिपत्रकावर दीडशे वर्षांत कोणी पाणी ओतलेलं दिसत नाही.

पण हा माणूस नुसता परिपत्रक काढून थांबला नाही, आणि इथंच तो आमच्या हेड ऑफिसपेक्षा वेगळा. उपाशी पोर शाळेत येत नाही, आलं तरी फळ्याकडे बघत नाही, हे त्यानं ओळखलं. मग घरोघरी सांगितलं की भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढा. आठवड्याचे साठलेले तांदूळ चर्चमध्ये आणायचे, त्यातून गरीब पोरांचं दुपारचं जेवण. या मुठीला मल्याळममध्ये 'पिडियरी' म्हणतात. पिडी म्हणजे मूठ, अरी म्हणजे तांदूळ. मला वाटलं, अरे, हा तर आपला मुष्टिफंड! कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांतल्या पोरांसाठी घराघरांतून जमवला तोच. पणजीत तर १९०८ सालापासून 'मुष्टिफंड' याच नावाची शिक्षणसंस्था आहे. भाषा वेगळी, देव वेगळा, पण मूठ वळवायची तऱ्हा एकच.

आता केरळातली ही मंडळी चांद्याला कशी आली? तर १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी चांदा भागाचं मिशन केरळच्या सीरो-मलबार चर्चकडे, त्यातही चावरांच्या सीएमआय संघाकडे सोपवलं. केरळाबाहेर या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. मुख्य ठाणं बल्लारपूर. त्याला नाव होतं 'एक्झार्केट'. हे काय प्रकरण आहे ते मला तीनदा वाचूनही नीट कळलं नव्हतं. मग लक्षात आलं की हे प्रोबेशन आहे. कारण पंधरा वर्षांनी, १९७७ साली, ते कन्फर्म होऊन पूर्ण धर्मप्रांत झाला आणि जानुआरिअस पालाथुरुथी हे त्याचे पहिले बिशप. मधेच १९७२ साली बस्तरकडचा भाग जगदलपूर म्हणून वेगळा निघाला, १९९९ साली आदिलाबाद वेगळं झालं. म्हणजे शाखाविस्तार आणि शाखाविभाजन, सगळं आमच्यासारखंच. सरकारनंही २६ ऑगस्ट १९८२ रोजी आमचा जिल्हा तोडून गडचिरोली वेगळा केला. मात्र एक गंमत आहे. सरकारनं चांद्याचं चंद्रपूर केलं, त्याला साठेक वर्षं होत आली, पण धर्मप्रांताचं नाव आजही 'चांदा'च आहे. ते परिपत्रक रोमला पोचलेलं दिसत नाही.

बल्लारपूरच का, याचं उत्तर बल्लारशा स्टेशनवर उभं राहिलं की मिळतं. १९२९ साली काझीपेठपर्यंतचा रूळ जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास रस्ता आमच्या दारावरून गेला. केरळातून उत्तरेकडे निघालेल्या माणसाला महाराष्ट्र पहिल्यांदा लागतो तो इथं. एकीकडे कागद गिरणीसाठी बांबूचे ढीग, दुसरीकडे कोळशाच्या वाघिणी, मधे सत्तेचाळीस डिग्रीचं ऊन. त्यात ट्रंक घेऊन उतरलेल्या विशी-पंचविशीच्या मुली माझ्या डोळ्यांपुढे येतात. मराठी येत नाही, गोंडी-माडिया तर ऐकलीही नाही. त्यांची स्वतःची उपासनासुद्धा त्याच १९६२ साली सुरियानी भाषेतून मल्याळममध्ये आली होती. देवाशी आपल्या भाषेत बोलायला नुकतं कुठं मिळालं, तोच माणसांशी परक्या भाषेत बोलायची पाळी आली.

सिस्टरांनी मराठी कुठं शिकली? गोल बाजारात, भाजीवाल्या बायांकडून. त्यामुळे आमच्या सिस्टर इंग्रजी बोलायच्या कोट्टायमची आणि मराठी बोलायच्या झाडीपट्टीची. "व्हाय आर यू लेट?" याच्यापुढे श्वास न घेता "काऊन जी, झोपून राह्यला होता का?" असं यायचं. आम्ही दोन्ही भाषा त्यांच्याकडूनच घेतल्या. "सिस्टर, ही इज मारून राह्यला मले" हे वाक्य वर्गात शुद्ध धरलं जाई. आणि गंमत बघा, १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले आणि मराठीत ओव्या रचू लागले. एका इंग्रजाला मराठी आली, आणि आम्हा मराठी पोरांना इंग्रजी आली ती मल्याळी बायांमुळे. देवाघरचा बदली विभाग आमच्यापेक्षा अजब आहे.

माझ्या आजीचा या सगळ्याला विरोध होता. "बाटवतीन पोराले," हे तिचं ठाम मत. केजीच्या पहिल्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "काय शिकवलं रे आज?"

"अवर फादर."

"म्हंजे?"

"आपला बाप."

"तुझा बाप तं खदानीत गेला ड्यूटीवर. त्याचं काय शिकवून राह्यल्या त्या?"

त्यात शाळेतला नातेसंबंधांचा घोळ तिला कधी उलगडला नाही. फादर आहेत, मदर आहेत, सिस्टर आहेत, अधूनमधून एखादे ब्रदरही येतात, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबात लग्न एकाचंही झालेलं नाही! तिला कोणीतरी सांगितलं की केरळचे ख्रिस्ती स्वतःला इंग्रजांच्या आधीचे म्हणवतात, संत थॉमस तिकडे इसवी सन ५२ मध्ये आले अशी त्यांची परंपरा आहे. आजी म्हणाली, "असंन. पण आपल्या घरी तं आत्ता आले ना?"

आज आजी नाही, म्हणून तिच्या वतीनं हिशेब मीच काढतो. माझ्या वर्गात साठ मुलं होती. त्यातलं बाटलेलं एकही मला माहीत नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यातले ख्रिस्ती शंभरात एकाच्याही आतच भरले. उलट सिस्टरच ठेचा खायला शिकल्या आणि घाबरल्या की "अरे बाप्पा!" म्हणू लागल्या. तेव्हा आजीच्या भीतीची ही रक्कम आता निर्लेखित करायला हरकत नाही.

खरं सांगायचं तर आम्ही साठ जण एकमेकांनाच परके होतो. लालपेठच्या खाणीतल्या तेलुगू कामगारांची पोरं, बल्लारपूरच्या गिरणीतल्यांची, भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतली, घुग्घुसच्या सिमेंटवाल्यांची, ऊर्जानगरच्या वीज केंद्रातली, आणि एक-दोन निर्वासित बंगाली घरांतली, ज्यांना सरकारनं चामोर्शी-मुलचेऱ्याकडे जमिनी देऊन वसवलं होतं. हजेरी घेतली की रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटे. आडनावं कोणाला उच्चारता येत नसत, म्हणून आम्ही एकमेकांना गावांच्याच नावानं हाका मारत असू. "ए घुग्घुस, बॉल फेक!"

या सगळ्यांना एका दाव्यात बांधणारी वस्तू म्हणजे नोटीस बुक. लाल पुठ्ठ्याची ती वही घेऊन आयाबाई वर्गोवर्गी फिरत, टीचर वाचून दाखवत, आम्ही डायरीत उतरवून घेत असू आणि घरी आईबापांची सही घेत असू. उद्यापासून शाळा सकाळची, ऊन वाढलं आहे. इरईला पूर आहे, नदीपलीकडच्या मुलांनी थांबावं. बिबट्या दिसल्याची बातमी आहे, पालकांनी स्वतः न्यायला यावं. नाताळच्या नाटकासाठी तीन मेंढ्या पाहिजेत. (मी दोन वर्षं मेंढी होतो. मेंढीला संवाद नसतात, हे सोडलं तर भूमिका मोठी होती.) फेब्रुवारी १९८६ मध्ये चावरांना कोट्टायमला 'धन्य' म्हणून घोषित केलं तेव्हा नोटीस निघून सगळ्यांना एकेक पेढा मिळाला. चावरा कोण हे मला ठाऊक नव्हतं, पण त्यांनी अधूनमधून धन्य व्हावं असं मला मनापासून वाटलं.

आणि ईस्टरच्या आधी, त्यांच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत, दर आठवड्याला एक ठरलेली नोटीस यायची: शुक्रवारी प्रत्येकानं एक मूठ तांदूळ आणावा.

आम्ही रद्दीच्या कागदात पुडी बांधून न्यायचो आणि टीचरच्या टेबलाजवळच्या पोत्यात ओतायचो. तो तांदूळ सिस्टरांच्या वसतिगृहात जाई. तिथं पंधरा-वीस पोरं राहायची, लांब जंगलातल्या गावांची. त्यातला एक माझ्या बाकावर होता. आम्ही त्याला 'एटापल्ली' म्हणत असू. माडिया घरातला, बोलायला कमी, गणितात माझ्यापुढे. एकदा त्याला दहापैकी दहा आणि मला चार मिळाले, तेव्हा मी वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "मिळतीनच ना! याच्या पोटात माझा तांदूळ आहे."

पोरं हसली. एटापल्ली हसला नाही, रडलाही नाही. त्यानं पाटीदप्तर उचलून बाकाच्या टोकाला सरकवलं, एवढंच. सिस्टर दारात उभ्या होत्या हे मला मागाहून दिसलं. मी हात पुढे करून छडीची वाट पाहिली. छडी आली नाही. पुढच्या शुक्रवारी सिस्टरांनी मलाच पोत्यापाशी बसवलं. वही दिली. येईल त्याचं नाव लिहायचं, मूठ ओतून घ्यायची. मी ऐटीत साठ नावं लिहिली. मग सिस्टर म्हणाल्या, "गुड. आता यातले तुझे दाणे वेगळे काढ."

मला आधी वाटलं, गंमत आहे. मग मी खरंच पोत्यात हात घातला. लुचई होता, चिन्नोर होता, रेशनचा जाडा होता, त्यात खडेही होते. पाचेक मिनिटं मी चिवडत बसलो. शेवटी माझ्या शेजारी येऊन बसला तो एटापल्लीच. म्हणाला, "माझेबी आहेत त्यात." वसतिगृहातली पोरंसुद्धा त्यांच्या ताटातली एक मूठ त्या दिवशी पोत्यात टाकायची, हे मला तोवर माहीत नव्हतं. नावांच्या यादीत मी त्यांना धरलंच नव्हतं.

पुढे बँकेत लागल्यावर रोखपालाच्या पिंजऱ्यात बसलो तेव्हा, पेटीत पडलेल्या नोटेवर कोणाचं नाव राहत नाही, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एटापल्ली घरून आला तो पळसाच्या पानात मूठभर चारोळी घेऊन. माझ्यासाठी. मी ती शेंगदाण्यासारखी खात घरी पोचलो तर आजीनं हात धरला. "अरे, एवढी चारोळी आपन वर्षात आनत नाही! कोनं देल्ली?" मी सांगितलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या उपवासात मात्र शुक्रवारची पुडी तिनं स्वतः बांधली, आणि तिची मूठ माझ्या मुठीच्या तिप्पट होती. बाटलीच म्हणायची! चौथीनंतर एटापल्ली दुसऱ्या शाळेत गेला. अजूनही एटापल्लीकडचं पासबुक काउंटरवर आलं की मी आधी फोटो बघतो.

हे सगळं मी इतिहासात लिहिलं. दोनाची नऊ पानं झाली. ती स्मरणिका समितीपुढे गेली. समितीत पालकच होते, सगळे भले लोक. एकजण म्हणाले, "लेख छान आहे, पण ते तांदळाचं काढून टाका जी. आता शाळा कुठल्या कुठे गेली. लोकांना वाटंन, इथं गरिबांची पोरं शिकतात." दुसरे म्हणाले, "आणि आपल्याले तं तो पंचवीस टक्क्यांचा कायदाही लागू नाही."

ते बरोबरच होतं. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा. खाजगी शाळांनी पहिलीतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घरांतल्या मुलांना द्याव्या असं तो सांगतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. त्यामागची कारणं मोठी आहेत, घटनेतली आहेत. त्यावर बोलायला बी.कॉम. पुरत नाही. पण माझी हिशेबी नजर तारखेवर अडली. त्याच २०१४च्या नोव्हेंबरात, रोममध्ये, चावरांना संत घोषित केलं. म्हणजे ज्यानं मूठभर तांदळावर गरिबाचं पोर शाळेत बसवलं तो एकाच वर्षात संत झाला, आणि त्याच्या वाटेवरच्या शाळांना गरिबाचं पोर घ्यायची सक्ती उरली नाही. यात विरोधाभास आहे असं मी म्हणत नाही. मूठ सक्तीनं उघडली तर तिला वसुली म्हणतात, ते आमचं खातं. पण सक्ती नसली की मूठ आपली आपण उघडावी लागते, आणि ती विसरायला फार सोपी असते. आमच्याच शाळेत शुक्रवारचा तांदूळ कधी बंद पडला ते कोणाला आठवेना. फीच्या पावतीवर 'चॅरिटी' म्हणून एक छापील ओळ होती, तिच्यात तो जिरून गेला होता.

सिस्टरांनी नऊ पानं शांतपणे वाचली. म्हणाल्या, "मी दोन सांगितली होती." बस, एवढंच.

स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, पाहुण्यांचे फोटो, जाहिरातींची चाळीस पानं. त्यातली एक आमच्याच बँकेची. इतिहास आला पाऊण पान. गोंडराजे गेले, रेल्वे गेली, माझी मेंढीही गेली. पण शेवटचा परिच्छेद तांदळाचा होता आणि तो शब्दशः होता. आणि परवा मुलाच्या डायरीत नोटीस आली: शुक्रवारी प्रत्येकानं एक मूठ तांदूळ आणावा. खाली सिस्टरांच्या अक्षरात पुस्ती होती: पालकांनी याऐवजी पैसे पाठवू नयेत.

गुरुवारी रात्री आमच्या घरी यावर चर्चासत्र झालं. बायकोनं दोन डबे काढले. एकात रेशनचा, एकात एचएमटी. "कोणता देऊ? खायचा की द्यायचा?" आता हा एचएमटी आमच्याच जिल्ह्यातला. नागभीडजवळच्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्याला १९८३ साली धानाच्या बांधीत दोन-तीन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यानं ते चिमूटभर बी जपून जपून वाढवलं आणि त्यातून हे वाण झालं. घड्याळाच्या नावावरून त्याला नाव मिळालं. दादाजी २०१८ साली गेले, फारसं काही पदरात न पडता. ज्या घरात असा तांदूळ आहे तिथं द्यायचा वेगळा आणि खायचा वेगळा हे काही बरं दिसेना. मी एचएमटीचा डबा पुढे ओढला.

मुलानं डब्यात हात घातला, मग थांबला. स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. तिसरीतलंच पोर, पण बँकवाल्याचं.

"बाबा, मूठ कोनाची? माही का तुमची?"

परिपत्रकात याचा खुलासा नव्हता. मी म्हटलं, "तुझीच. पण दोनदा."